मॅटीअण्णाच्या रानातला चर

दोराचं एक टोक चित्राच्या कमरेला आणि दुसरं बाळासाहेबांच्या मुठीत. ती नदीतून बाहेर येईपर्यंत मूठ सोडायची नाही, एवढंच त्यांचं काम. सहासष्ट वर्षांचा, उभा जन्म रानात काढलेला माणूस. त्याला हे काम म्हणजे दावणीला बांधल्यातलाच प्रकार होता. फक्त दावं नेमकं कुणाला लावलंय, ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

जानेवारीचा पहिला आठवडा होता. सकाळचे दहा वाजले तरी धड उजाडलं नव्हतं. मलिंगारपासून वीस मिनिटांवरची ही नदी. नदी कसली, कृष्णेपुढं ओढाच. पण पाणी असं गार की रबरी विजार घालून चित्रा मांडीभर पाण्यात उतरली की तिचे ओठ काळेनिळे पडत.

"आबा, थोडा ढिला सोडा."

"सोडला. त्यो डावीकडचा गोटा हलतोय बग."

"माहितीय हो मला."

एकट्यानं नदीत उतरायचं नाही असा युनिव्हर्सिटीचा नियम होता. एरवी डब्लिनहून कुणीतरी सोबतीला यायचं. आता कोरोनापायी पाच किलोमीटरच्या पलीकडे जायलाच बंदी, म्हणून चित्रानं फॉर्मवर सोबतीचा माणूस म्हणून वडिलांचं नाव घातलं आणि ते मंजूर होऊन आलं. इंग्रजीत छापलेलं आपलं नाव बाळासाहेबांनी चष्मा लावून दोनदा बघितलं होतं. वाचता येत नव्हतं, तरी बघितलं होतं.

नदीच्या तळाशी गोट्यांत जाळीचे बारा डबे पुरलेले होते. सहा वरच्या वळणावर, सहा खालच्या. प्रत्येक डब्यात बारीक खडी आणि त्या खडीत सॅमन माशाची शंभर अंडी, वाटाण्याएवढी, नारिंगी. डिसेंबरात अंडी आली तेव्हा बर्फाची पेटी गाडीत बाळासाहेबांनीच मांडीवर धरली होती. खड्डा आला की ते पेटी दोन्ही हातांनी उचलून धरत, आणि पुढून चित्रा हसायची. डिसेंबरात ती हसायची अजून.

"पिल्लं कवा निघायची?" त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

"मार्चमध्ये. मासोळी शेपटीनं खड्डा करते, अंडी घालते, वर खडी ओढते आणि निघून जाते. पुढं सगळं नदीवर. खडीतून पाणी खेळतं राहिलं तर अंड्यांना ऑक्सिजन मिळतो. मध्ये गाळ किती बसतो, ते मी मोजते."

"म्हंजे पाणी पायजे."

"पाणी तर पाहिजेच."

बाळासाहेबांनी त्यातलं पाणी तेवढं धरलं. गाळाचं म्हणाल तर त्यांच्या मुलखात तळ्यातला गाळ ट्रॉल्या भरभरून रानात ओढतात, त्यावरून भावाभावांत डोकी फुटतात. लेक गाळ मोजते म्हणजे चांगल्याच वस्तूचं माप घेत असणार, असं त्यांनी मनाशी धरलं आणि पुन्हा विचारलं नाही.

चित्राचं मात्र सगळं त्या बारा डब्यांत अडकलं होतं. गेल्या वर्षी मार्चात सगळं बंद झालं आणि पहिल्या हंगामाचे डबे काढायलाच कुणी गेलं नाही. पुरानं ते कुठं नेले, पत्ता नाही. स्कॉलरशिपचं हे शेवटचं वर्ष. हा हंगाम लागला तर पीएचडी, नाहीतर चार वर्षं गेली ती गेली. तिनं हे वडिलांना एकदाच सांगितलं, स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता. त्यानंतर नदीवर दोर धरताना बाळासाहेबांनी हात कधी खिशात राहू दिला नाही.

ते आले होते गेल्या फेब्रुवारीत, दोन महिन्यांसाठी. बायको लीलावतीही यायची होती, पण म्हैस नुकती व्यालेली, म्हणून ती मागं राहिली. "तुमी बगून या, म्या पुढच्या साली जाते," म्हणाली. मग विमानं बंद झाली. सप्टेंबरात तिला ताप आला. पुतण्या ज्ञानेश रोज फोनवर बोटाला लावायच्या यंत्राचे आकडे सांगायचा: नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी. बेड मिळाला तेव्हा आकडा अठ्ठ्याहत्तर होता. शेवटी फोनच्या काचेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणि अंगभर पांढरे कपडे घातलेली चार माणसं दिसली. बाळासाहेबांनी या घराच्या स्वयंपाकघरात, मोजे घातलेल्या पायांनी उभं राहून बायकोला हात जोडले. जावई आशिष मलिंगारच्या दवाखान्यात डॉक्टर. तो तेव्हाही तिथल्या कोविड वॉर्डातच होता. आताही तिकडेच राहायचा, दोन-दोन आठवडे.

त्या दिवसापासून बाळासाहेबांना बसवत नव्हतं. झोपवत नव्हतं ते निराळंच, पण बसवत नव्हतं हे जास्त वाईट. माणूस कामात असला की त्याला आपला हात दिसतो; बसला की भिंत दिसते. नदीचं काम आठवड्यातून दोनदा, तासाभराचं. बाकी दिवस चित्रा लॅपटॉपपुढं, युनिव्हर्सिटीच्या पोरांना शिकवत नाहीतर आकडे भरत.

*

घर होतं मॅटी गॅव्हिगनचं. त्याच्या मेलेल्या बहिणीचं घर त्यानं यांना भाड्यानं दिलेलं. सत्तरीचा, बिनलग्नाचा, तीस गुरांचा धनी. खुब्याचं हाड झिजलेलं, ऑपरेशनची तारीख कोरोनापायी दोनदा पुढं ढकललेली, त्यामुळं काठी टेकत एका अंगावर चालायचा. रोज दुपारी तो फाटकाच्या पलीकडं आणि बाळासाहेब अलीकडं, मध्ये दोन मीटर, असे दोघं उभे राहत. याला इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. बैलाला काय म्हणतात, गवताला काय म्हणतात, असं एकेक करून त्यांचं बरं चाललं होतं. तो यांना 'बाला' म्हणायचा आणि हे त्याला मॅटीअण्णा.

"वेट, बाला," मॅटी काठीनं खालचं रान दाखवायचा. "टेरिबल वेट."

वेट म्हणजे काय, ते सांगायला नकोच होतं. सहा एकराचं रान नदीकडं उतरलेलं, आणि त्यात घोट्यापर्यंत पाणी. लव्हाळा माजलेला. मधोमध जुन्या चराची खूण होती. चाळीस वर्षांत कुणी साफ न केल्यानं तो बुजून गेलेला. बाळासाहेबांना ते बघवेना. त्यांचं स्वतःचं दोन एकर रान पाणी साचून साचून खारवट झालेलं, मिठासारखं पांढरं फुटलेलं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी गावात पहिला चर काढला, तेव्हापासून पाण्याचा उतार बघायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. हातात काही नसताना, नुसतं जमिनीवर पालथं पडून डोळा लावून, ते पाणी कुठून कुठं जाईल ते सांगत. इथं तर उभ्या उभ्या दिसत होतं.

त्यांचे हात शिवशिवायला लागले.

"मॅटीअण्णा," त्यांनी हातानं उकरायची खूण केली, मग छातीवर हात ठेवला. "म्या."

मॅटीनं मान हलवली, आधी आडवी. मग रानाकडं बघितलं, स्वतःच्या पायाकडं बघितलं, आणि गोठ्यातून एक कुदळीएवढ्या लांब दांड्याचं, अरुंद पात्याचं फावडं आणून फाटकाला टेकवून मागं सरला. बापाचं होतं म्हणे.

नऊ दिवस लागले. खोरं असतं तर सहा लागले असते. हे फावडं पायानं दाबायचं, उचलायचं, फेकायचं, सगळाच उलटा कारभार. पहिले दोन दिवस कंबर धरली. तिसऱ्या दिवशी हाताला फोड आले, आणि ते फुटले तेव्हा बाळासाहेबांना बरं वाटलं. त्यांची मूठ डावी. उतरणीला तोंड करून उभं राहिलं की मातीची ढेकळं सगळी उजव्या काठावर पडत, एकावर एक, तिरक्या कापाची, कौलं रचावीत तशी. पाऊस चालूच होता. मॅटी फाटकावरून बघायचा आणि मध्येच ओरडायचा, "गुड मॅन, बाला! गुड मॅन!" हे दोन शब्द बाळासाहेबांना पाठ झाले. चार महिन्यांत कुणी त्यांना कशासाठी शाबासकी दिली नव्हती.

"काय करता हो तिकडे रोज?" चित्रानं जेवताना विचारलं.

"मॅटीअण्णाच्या रानात जरा हात लावतोय."

"बरं. दोन मीटर लांब राहा म्हणजे झालं." आणि ती पुन्हा फोनमध्ये बघायला लागली. आबा घराबाहेर पडतात, जेवतात, याचंच तिला हायसं वाटत होतं. ती कुठं जाऊन बघते?

चराचं तोंड बाळासाहेबांनी मुद्दाम बंद ठेवलं होतं. त्यांच्याकडची रीतच ती. चर पुरा होईतो तोंडाशी दोन हातांचा बांध राखायचा, आत पाणी तुंबू द्यायचं, आणि सगळं झालं की पूजा करून बांध एकदम फोडायचा. पाणी जोरात सुटलं की चर स्वतःच धुऊन निघतो. तोंड उघडत होतं नदीत, दोन्ही वळणांच्या मध्ये. हेही त्यांनी बघून ठेवलं होतं. मॅटीचं रान सुकेल आणि पोरीच्या खालच्या डब्यांना जास्तीचं पाणी मिळेल. पाणी तर पाहिजेच, तीच म्हणाली होती. तिला सांगायचं नाही, एकदम दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

फेब्रुवारीच्या चार तारखेला दुपारी त्यांनी दिवाळीच्या डबीतलं हळदकुंकू कागदाच्या पुडीत घेतलं, स्वयंपाकघरातल्या कपाटातून सुक्या खोबऱ्याची वाटी घेतली. चराच्या तोंडाशी काटेरी झुडपाखाली एक सपाट दगड होता, त्यावर हळदकुंकू वाहिलं. मॅटीनं टोपी काढून हातात धरली; कशाला ते त्याला ठाऊक नव्हतं, पण काढायची वेळ आहे एवढं कळलं. बाळासाहेबांनी मनात लीलावतीचं नाव घेतलं आणि फावडं मारलं.

पाणी सुटलं ते गुरगुरतच. तपकिरी, जाड, लव्हाळ्याची मुळं घेऊन. नदीचा अर्धा पट्टा बघता बघता गढूळ झाला आणि तसाच खाली गेला. नऊ दिवसांचं तुंबलेलं पाणी तासभर धावत होतं. मॅटी काठीवर दोन्ही हात ठेवून बघत राहिला, त्याचे डोळे ओले झाले होते. बापाच्या वेळेनंतर हे रान त्यानं मोकळं बघितलं नव्हतं. संध्याकाळी त्यानं दारात बटाट्यांचं पोतं आणून ठेवलं आणि बाळासाहेब पाच महिन्यांत पहिल्यांदा आठ तास झोपले.

*

सोमवारी नदी वरून नितळ दिसत होती. चित्रा वरच्या वळणावर उतरली, प्रत्येक डब्यात सोडलेल्या बारीक नळीतून सिरिंजनं पाणी ओढलं, ऑक्सिजन मोजायच्या यंत्रात घातलं. "नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट सहा." बाळासाहेब दोर धरून ऐकत होते. मग ते रस्त्यानं वळसा घालून खालच्या वळणावर गेले. पहिल्या नळीतून पाणी येईना. दुसऱ्या वेळी आलं ते नाचणीच्या आंबिलीसारखं.

"दोन पॉइंट एक," चित्रा म्हणाली. तिनं यंत्र हलवलं, पुसलं, पुन्हा घातलं. "आबा, गुरुवारी इथं नऊ होतं."

ती पुढच्या डब्याकडं गेली. दीड. त्याच्या पुढच्याला पावणेदोन. तिनं वाकून तळाची मूठभर खडी उचलली. बोटांच्या फटींतून मऊ, दाट चिखल ओघळला.

"गाळ हाय की ग," बाळासाहेब काठावरून म्हणाले. "चांगला हाय."

"चांगला?" चित्रा अशी ओरडली की पलीकडच्या रानातली गुरं वळून बघायला लागली. "आबा, फटी बुजल्यात सगळ्या! श्वास कोंडतो त्यांचा! कुणीतरी वर खोदलंय. सहाशे अंडी गुदमरतायत इथं, आणि मी काहीही करू शकत नाही. डबा हलवला तर होती तीही मरतील."

बाळासाहेबांच्या मुठीतला दोर तसाच राहिला. नव्वद, शहाऐंशी, ब्याऐंशी. आकडे खाली जाताना फोन धरून ऐकत बसायचं म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आपण काय केलं ते त्यांना तिथं, त्या घटकेला, पुरतं कळलं.

चित्रा बाहेर आली ती तशीच ओल्या कपड्यांनी काठाकाठानं वर चालत सुटली. चराचं तोंड सापडायला शंभर पावलंही लागली नाहीत. ती फाटकावर गेली तेव्हा मॅटी गुरांना वैरण टाकत होता. बाळासाहेब मागून धापा टाकत पोचले. बोलणं इंग्रजीत झालं. चित्राचा आवाज चढलेला, हात नदीकडं. हिवाळ्यात चर उकरायला बंदी आहे हे तुम्हाला माहीत नाही का, मी तुमच्याच घरात राहते, एका शब्दानं विचारायचं होतं, असं काहीबाही असणार. मॅटीनं ऐकून घेतलं. मग त्यानं तिच्या खांद्यावरून बाळासाहेबांकडं बघितलं. क्षणभरच. बाळासाहेबांनी मान खाली घातली.

"माय लँड," मॅटी म्हणाला. "आय डिड इट."

चित्रानं त्याच संध्याकाळी मत्स्य खात्याला ईमेल केली.

दोन दिवसांनी ती आशिषशी व्हिडिओवर बोलत होती. "गाईड म्हणाल्या, वाईट झालं पण असा पुरावा मिळत नाही कधी. वरचे सहा स्वच्छ, खालचे सहा गाळात, नदी तीच, अंडी तीच. थिसिस उलट जास्त पक्का होईल." तिकडून आशिष म्हणाला, "ग्रँड. मग रडतेस कशाला?" ती म्हणाली, "मी ठेवली होती ना रे ती तिथं." शेजारच्या खोलीत बाळासाहेब मूग गिळून बसले होते. बोललो तर? आपलं नाव त्या कागदावर सोबतीचा माणूस म्हणून. सोबतीच्या माणसानंच नदीत चिखल सोडला म्हटल्यावर तो प्रयोग कोण धरणार? न बोललो तर पोरगी पास. न बोलण्यात एवढा फायदा त्यांना आयुष्यात कधी दिसला नव्हता, आणि त्याचीच त्यांना किळस आली.

शुक्रवारी ती पुराव्याचे फोटो काढायला चरावर गेली. दोर नको होता, तरी बाळासाहेब मागोमाग गेले. तिनं तोंडाचा फोटो काढला, काठाचा काढला, ढेकळांचा काढला. मग झुडपाखाली वाकली आणि तशीच थांबली. पाऊस तिथं पोचला नव्हता. सपाट दगडावर हळदीचा पिवळा डाग आणि त्यात लाल ठिपका जसाच्या तसा होता.

तिनं मागं वळून बघितलं नाही. अंगठा थुंकीनं ओला केला आणि दगड घासला. पुन्हा घासला. मग ओंजळीत चराचं पाणी घेऊन दगडावर ओतलं, फोन खिशात टाकला आणि बापाच्या शेजारून निघून गेली. त्या रात्री जेवायला पिठलं होतं. दोघांनी खाली मान घालून खाल्लं आणि ताटं धुतली. मग तीन आठवडे त्या घरात दोन माणसं मीठ दे, दिवा घालव, एवढ्यावर राहिली.

*

खात्याच्या बाई आल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात. हिरवं जाकीट, तोंडाला मास्क, हातात वही. मॅटी चराशी काठी टेकून उभा होता, चित्रा बाजूला, बाळासाहेब तिच्या मागं. बाईंनी चराची लांबी मोजली, फोटो काढले, मॅटीला काहीतरी विचारलं. मॅटी म्हणाला, आय डिड इट. बाईंनी त्याच्या पायाकडं बघितलं, मग दोनशे पावलांच्या चराकडं. पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. 'कोर्ट' हा शब्द बाळासाहेबांना समजला. तो सगळीकडं एकच असतो.

"चित्रे," ते म्हणाले. "सांग बाईस्नी. चर म्या काढलाय. त्येनं न्हाई. त्येला काय बी ठावं नव्हतं. आमच्याकडं बांध राखून पानी सोडत्यात, तसं म्या सोडलं. डब्यांस्नी पानी मिळंल म्हनून सोडलं. सांग."

चित्रानं बाईंकडं बघितलं. तिचे ओठ नदीत उतरल्यासारखे निळे झाले होते. मग ती इंग्रजीत एकच वाक्य बोलली. एवढं सगळं सांगितलेलं इतक्या थोडक्यात बसलं याचं बाळासाहेबांना नवल वाटलं, आणि त्याच वाक्यात त्यांना ओळखीचे दोन शब्द ऐकू आले. गुड मॅन.

बाईंनी मान डोलावली आणि वहीत काहीच लिहिलं नाही. मॅटी जमिनीकडं बघत होता.

तिनं आपलं सांगणं गिळलं हे कळूनही बाळासाहेब पोरीवर रागावले नाहीत. खरं सांगायचं तर तिच्या जागी तेही हेच बोलले असते; तीन आठवडे तेच तर करत होते. पण तो म्हातारा एका पायावर उभा होता. बाळासाहेब गोठ्याकडं गेले, ते लांब दांड्याचं फावडं घेऊन आले, आणि उतरणीला तोंड करून चरात उतरले. डावी मूठ वर धरून त्यांनी पातं रोवलं, पायानं दाबलं, उचललं, आणि ढेकूळ उजव्या काठावर टाकलं. ते जाऊन रांगेतच बसलं. तोच तिरका काप, तीच जाडी. दुसरं काढलं. तेही बसलं. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी हात वर केला.

त्या बाळासाहेबांशी बोलल्या नाहीत, चित्राशी बोलल्या. एकच प्रश्न. वारा होता, नदी वाजत होती. चरात उभे राहिलेले बाळासाहेब वर बघत होते. तिथून पोरगी फार उंच दिसत होती.

"येस," चित्रा म्हणाली.

मग बाईंनी नाव विचारलं. चित्रानं बापाचं नाव सांगितलं. बाईंना ते येईना, म्हणून तिनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. फॉर्मवर घातलं होतं तसंच, आडनावासकट.

घराकडं येताना ती दहा पावलं पुढं होती. फाटकाशी थांबली.

"का बोललात, आबा?"

"माझ्या हातचं काम. दुसऱ्याच्या नावावर कसं घालू?"

"आणि माझं काम?"

फाटकाची कडी लावायची राहिली होती, ती त्यांनी लावली.

*

गाईडचं पत्र आलं: हा हंगाम धरता येणार नाही. तरी डबे काढायलाच हवे होते. माशांच्या पैदाशीच्या हॅचरीतून आणलेल्या प्रत्येक अंड्याचं काय झालं, ते परवान्याप्रमाणं कळवावं लागतं. मार्चच्या तेवीस तारखेला चित्रा शेवटची नदीत उतरली. बाळासाहेबांनी दोर धरला. तिनं धरा म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं.

वरचे सहा डबे चांगले निघाले. पांढऱ्या ट्रेमध्ये खडी ओतली की पिल्लं वळवळत वर यायची, पोटाला नारिंगी पिशवी, डोक्याएवढे डोळे. एकाहत्तर, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर. चित्रा भराभर मोजून ती वाहत्या पाण्यात सोडून देत होती. तिचा चेहरा दगडासारखा होता, पण सोडताना हात पाण्यात खाली नेऊन सोडत होती.

खालचे डबे उचलायलाच जड झाले होते. खडी नव्हतीच ती, चिखलाची वीट. धुवून धुवून आतली अंडी सुटी झाली, पांढरी, काहींवर बुरशीचा कापूस. काहींत दोन काळे ठिपके होते.

"हे काय?" बाळासाहेबांनी विचारलं.

"डोळे. तेवढे होईपर्यंत जगली होती." चित्रानं चिमटा त्यांच्याकडं सरकवला आणि स्वतः वही घेतली. "तुम्ही मोजा. मी लिहिते."

त्यांनी चष्मा लावला. काठावर गुडघे टेकून एकेक अंडं चिमट्यानं उचलून ते बाजूच्या वाटीत टाकू लागले आणि मोठ्यानं बोलू लागले. मेलेलं. मेलेलं. मेलेलं. चिमट्यात फार दाबलं की अंडं फुटायचं, म्हणून हलक्या हातानं उचलावं लागे. बोटं बधिर झाली. फाटकावर मॅटी येऊन उभा होता, तो तिथूनच टोपी काढून परत गेला. पाच डबे झाले. पाचांतही एक जिवंत नव्हतं.

सहाव्यात शंभरच्या शंभर मेलेली हाती लागली. शेवटचं बाळासाहेबांनी वाटीत टाकलं.

"किती?" चित्रानं विचारलं.

"शंभर." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. "परत एकदा मोजू का ग?"

तिनं वहीचं पान उलटलं नाही, आकडाही लिहिला नाही.

"मोजा," ती म्हणाली.

बाळासाहेबांनी वाटी ट्रेमध्ये पालथी केली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.